माझ्या नावावर टाकलेलं रडणं

गेल्या हिवाळ्यात आमच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी अमेरिकेचे पुढारी यायचे. नात शाळेतून आली, कपडे बदलून काहीतरी पोटात ढकललं, की फोन टीव्हीला जोडायची आणि एकेकाला उभं करायची. काळे, गोरे, म्हातारे, तरणे, मध्येच एखादी बाईसुद्धा. त्यांचं एक वाक्य ऐकायचं, टीव्ही थांबवायचा आणि तेच वाक्य तसाच हात उचलून म्हणायचं. दुबईत अल मनखूलमधली आमची बिल्डिंग जुनी आहे, भिंती पातळ आहेत. शेजारच्या केरळी बाईने मला लिफ्टमध्ये विचारलं, "आप के घर में इलेक्शन है क्या?"

मला इंग्रजी येत नाही. मी चौथी शिकले, तीही रत्नागिरीकडच्या खाडीकाठी, गावातल्या मराठी शाळेत. पण बोलणं कळत नसलं की माणसाचे हात आणि तोंड बरोबर दिसतात. एकजण महत्त्वाचं बोलायच्या आधी खालचा ओठ चावायचा. आधी मला वाटलं, त्याला खरंच वाईट वाटतंय. मग नातीने तेच भाषण पुन्हापुन्हा लावलं तेव्हा कळलं की दुसऱ्या भाषणातही तो तसाच, तेवढाच ओठ चावतो. दुसरा टाळ्या थांबवायला हात वर करायचा, पण असा की लोक आणखी जोरात वाजवतील. बाजारात भाव परवडत नाही म्हणणारा दुकानदार जसा पिशवी मात्र पुढे करून ठेवतो, तसं.

शाळेत स्पर्धा होती. आजच्या काळातलं अमेरिकेतलं राजकीय भाषण मोठं कशामुळे होतं, हे मुलांनी आधी सांगायचं आणि मग त्याच पद्धतीने स्वतःचं भाषण करून दाखवायचं. जो पहिला येईल त्याला अबू धाबीला मोठ्या स्पर्धेला पाठवणार होते. नातीसाठी ही साधी गोष्ट नव्हती. आदल्या वर्षी ती अशीच स्टेजवर गेली, अर्ध्यात विसरली आणि तोंड लाल करून खाली उतरली. कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढून वर्गात फिरवला. नंतर आठवडाभर ही पोरगी पोटात दुखतंय म्हणून घरी पडून होती. म्हणून यंदा घरात तिला कोणी काही बोलत नव्हतं. मी सोडून.

"त्या दोन काचा कसल्या गं?" मी एकदा विचारलं. प्रत्येक पुढाऱ्याच्या दोन्ही बाजूंना काठीवर बसवलेली एकेक काच असायची.

"टेलिप्रॉम्प्टर, दादी. त्याच्यात स्पीच दिसतं. तो वाचतो."

"म्हणजे तो लोकांकडे बघत नाही?"

"लुक्स लाइक ही इज लुकिंग. दॅट्स द पॉइंट."

"आणि लिहितो कोण?"

"स्पीचरायटर असतो ना. पूर्ण टीम असते."

मला राग आला. एवढे दिवस मी त्या ओठ चावणाऱ्याला निदान बोलणारा तरी समजत होते. मुलगा ऑफिसातून नुकताच आला होता, जुमेरा लेक टॉवर्सला नोकरी करतो, येईपर्यंत ट्रॅफिकने त्याचा जीव गेलेला असतो. बूट काढत म्हणाला, "अम्मी, आमच्याकडे पण तेच. प्रेझेंटेशन मी बनवतो, मॅनेजर वाचतो. टाळ्या त्याला."

"आणि तुला चालतं?"

"सॅलरी येते ना. खलास."

नात मला शिकवायला बसली. तिला वाटलं, दादीला समजावता आलं तर जजनाही समजावता येईल. वाक्य आखूड हवं. एकच शब्द तीन वेळा यायला हवा, म्हणजे तो कानात बसतो. 'मी' कमी, 'आपण' जास्त. आधी संकट सांगायचं, शेवटी आशा. आणि थांबायचं. कुठे थांबायचं हे ज्याला कळतं त्याचं भाषण मोठं, असं तिची टीचर म्हणायची. मी म्हटलं, हे सगळं मच्छी विकणारीलाही येतं. "एक्झॅक्टली!" म्हणून ती खूश झाली. मी तिची स्तुती करत नव्हते.

मग तिने मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दाखवली. अमेरिकेचा मोठा माणूस सभागृहात बोलत होता. बोलता बोलता थांबला, मान वर केली. वरच्या गॅलरीत पाहुणे बसले होते, त्यांतल्या एका साध्या कपड्यांतल्या बाईवर कॅमेरा गेला. ती उठली. छातीवर हात ठेवला. खालचे सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारेही.

"कोण ही?"

"नर्स आहे. पूर आला तेव्हा तिने पेशंट वाचवले. दे ऑल्वेज डू इट, दादी. नंबर आणि लॉ लोक विसरतात. माणूस लक्षात राहतो."

"तिला बोलू देतात?"

"नो. शी जस्ट स्टँड्स अप."

"मग तो सांगतोय ते खरं की खोटं, हे तिला कोण विचारतं?"

"टीम चेक करते ना."

"कोणाची टीम?"

नातीने टीव्ही बंद केला. "दादी, यू आर सो सस्पिशस."

मी संशयी आहेच. आमच्या गावात खाडीवर पूल नव्हता. पलीकडे जायचं तर होडी. माझं लग्न झालं त्या सुमाराला एक उमेदवार मतं मागायला आला होता. चांगला बोलायचा. त्याने आमच्या होडीवाल्याला स्टेजवर बोलावलं, त्याचे घट्टे पडलेले हात स्वतःच्या हातांत घेऊन लोकांना दाखवले आणि म्हणाला, या हातांना विश्रांती मिळेपर्यंत मी झोपणार नाही, पूल बांधणार. लोक वेडे झाले. सगळ्यात जोरात टाळ्या होडीवाल्याने वाजवल्या. पूल झाला की आपल्या होडीत कोण बसणार, हे त्याला स्टेजवर सुचलंच नाही. घरी गेल्यावर बायकोने सुचवलं, तेव्हा तो दोन दिवस जेवला नाही. पूल पुढे झाला, पण तोवर तो गेला होता. अमेरिकेच्या त्या नर्सला बघून मला होडीवालाच दिसला.

थोड्या दिवसांनी नात फोन घेऊन माझ्या पलंगावर येऊन बसली. "दादी, तुझं लहानपण सांग. मी रेकॉर्ड करते." इतक्या वर्षांत या घरात कोणी मला लहानपण विचारलं नव्हतं. फुकट कोणी जुनं विचारत नाही, हे मला माहीत होतं, पण सांगायला लागल्यावर मी सांगत गेले.

गावातली शाळा चौथीपर्यंत. पाचवीपासून खाडीपलीकडे. भाऊ होडीने जायचे. माझी मोठी बहीण वर्गात सगळ्यांत हुशार. मास्तर स्वतः घरी येऊन बापाला सांगून गेले की हिला पाठवा. बाप म्हणाला, परक्या माणसांबरोबर होडीत पोरगी बसणार नाही. विषय संपला. पण ती रोज सकाळी भावांची दप्तरं उचलून धक्क्यापर्यंत जायची. दप्तर होडीत ठेवायची, होडी सुटली की तिथेच दगडावर बसून रडायची. ओढणी तोंडात कोंबून, आवाज न करता. मग घरी येऊन भाकऱ्या थापायची. पुढे लग्न झालं, बाळंतपणात गेली.

मी पण त्या वेळी तिथेच असायचे, ओहोटीला चिखलात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला. मला शाळा आवडत नव्हती. मास्तर कान पिळायचे आणि भागाकार येत नव्हता. चौथी झाली तेव्हा मी सुटले. तिसऱ्या काढायच्या, विकायच्या, कोणी काही विचारत नाही. मी रडले बिडले नाही. उलट मला बहिणीचा कंटाळा यायचा, रोज काय रडतेस म्हणून मी तिला हसायचे. हे सगळं मी नातीला असंच सांगितलं. ती मान हलवत होती. आईशी बोलते इंग्रजी, माझ्याशी अर्धं हिंदी, पण मराठी तिला समजतं. नीट समजतं.

त्यानंतर तिची प्रॅक्टिस ऐकताना मला एक जागा खटकायला लागली. रोज भाषण बोलताना त्या ठिकाणी ती थांबायची, हात लांब करायची आणि मी बसते त्या सोफ्याकडे बघायची. मी सोफ्यावर नसले तरी तिकडेच.

"इथे काय बोललीस?"

"थँक यू टू माय फॅमिली."

फॅमिलीला थँक यू म्हणायला एवढा वेळ थांबतात? मी सुनेला विचारलं. ती दातांच्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनला असते, दिवसभर लोकांना दुखणार नाही असं सांगते. ती उशांचे अभ्रे काढत म्हणाली, "काही नाही अम्मी, तुम्हाला पण थँक यू बोलते. तुम्ही यायचंय हं त्या दिवशी."

आणि मग नात कपड्यांचं बोलली. "दादी, स्कूलमध्ये येशील तेव्हा ती ओल्ड वाली ओढणी घे ना. व्हाइट कॉटन."

ही ती पोरगी, जी मॉलमध्ये त्याच ओढणीवरून माझ्यापासून लांब चालते. एकदा तर मैत्रीण दिसली म्हणून मला चपलांच्या दुकानात उभं करून गेली होती. आणि आता तिला तीच ओढणी पाहिजे?

मी टीव्हीचा रिमोट उचलून मांडीखाली ठेवला. "बस. त्या जागेवर काय बोलतेस ते मराठीत सांग."

"दादी, इट वोंट साउंड गुड इन मराठी."

"नको वाटू दे चांगलं. सांग."

ती बोलली. हात नाही, थांबणं नाही, नुसतं. "माझी दादी लहान होती. तिला स्कूल जायचं होतं. भाऊ बोटमध्ये जायचे. ती रोज तिथे बसून रडायची. आज ती इथे बसली आहे. दादी, प्लीज स्टँड अप."

"मी कधी रडले?"

तिने रिमोटसाठी हात पुढे केला.

"तुझा फोन काढ. लाव त्यात. मी रडले म्हणाले का मी?"

"नो."

"कोण रडायचं?"

"तुझी सिस्टर."

म्हणजे तिला ठाऊक होतं. मला वाटलं होतं, मराठी कच्चं, काहीतरी घोळ झाला असेल. घोळ नव्हता.

"दादी, लिसन. ती इथे नाही ना. लोकांना दिसायला कोणीतरी पाहिजे. शी कांट स्टँड अप. तू करू शकतेस. आणि तू पण स्कूल सोडलंसच ना? सेमच आहे."

"सेम कसं? ती रडत होती तेव्हा मी तिला हसत होते."

"ते कोणाला कळणार आहे?"

तेवढ्यात मुलगा आला आणि त्याने पोरीचीच बाजू घेतली. "अम्मी, थोडं ऍडजस्ट कर. कॉम्पिटिशन आहे, कोर्ट नाही. शपथ नाही घ्यायची."

मी म्हटलं, "ती गेली तेव्हा तिचे दागिने वाटले. कपडे वाटले. भांडीसुद्धा वाटली. रडणं तेवढं राहिलंय. घ्या, तेही वाटून घ्या."

सून स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. शेवटी नात फोनमध्ये बघत म्हणाली, "फाइन. आय विल चेंज इट." जी माणसं तुमच्याकडे न बघता हो म्हणतात त्यांच्यावर मी विश्वास ठेवत नाही. पण सांगितलं, मी येईन. नवी ओढणी घेऊन येईन. आणि 'सिस्टर' ऐकेन. तेवढा शब्द मला दवाखान्यातून माहीत आहे.

शाळेचा हॉल थंडगार होता. आधीच्या मुलांनी काय सांगितलं कोण जाणे, हात मात्र सगळ्यांचे सारखेच उठत होते. मग आमची आली. हातात कागद नाही. मागच्या वर्षीची भीती तिच्या गळ्यात दिसत होती, शीर उडत होती, पण बोलायला लागल्यावर ती बरी झाली. चांगली बोलली. मी काही आंधळी नाही. लोक खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते.

मग ती जागा आली. ती थांबली. रोज ऐकून कानात बसलेलं 'ग्रँडमदर' आलं. 'बोट' आलं. 'क्राय' आलं. मी कान लावून बसले होते. 'सिस्टर' आलं नाही.

हात माझ्याकडे लांब झाला. सगळी डोकी वळली. टाळ्या सुरू झाल्या. सुनेने कोपर मारलं. "अम्मी, उठा ना. उठा."

मी दोन्ही पाय जमिनीवर घट्ट दाबले आणि बसून राहिले.

टाळ्या जरा चालल्या, मग तुटक झाल्या, मग बंद पडल्या. उठलंच कोणी नाही तर वाजवायच्या कोणासाठी? पलीकडची बाई वाकून सुनेला विचारत होती, त्यांचे गुडघे दुखतात का. मी स्टेजकडे बघितलं. नातीचं तोंड लाल व्हायला लागलं होतं. मागच्या वर्षीचं तेच तोंड. मला बरं वाटलं नाही. पण उठले नाही.

मग तिने श्वास घेतला. माझ्याकडे बघितलं, हसली, तो टीव्हीतला माणूस हसायचा तसं. हात छातीवर ठेवला. अगदी हळू काहीतरी बोलली, छोटंसं. आणि अख्खा हॉल उठून उभा राहिला. जज उठले. मुलगा उठला. सून डोळे पुसत उठली. सगळ्यांत मी एकटी बसलेली, आणि लोक माझ्याकडे वळून टाळ्या वाजवताहेत.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "काय बोलली ती?"

मुलगा स्टिअरिंगवर हात मारून हसत होता. सून म्हणाली, "ती बोलली, माझी दादी उभी राहणार नाही. ती आयुष्यभर उभीच होती. आज तुम्ही तिच्यासाठी उभे राहा."

"कुठे उभी होते? मी चिखलात बसून तिसऱ्या काढायची."

"अम्मी, प्लीज."

नात पहिली आली. घरी आल्यावर बिर्याणी मागवली. ती माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "दादी, यू मेड इट बेटर. तू उठली असतीस तर नुसत्या टाळ्या झाल्या असत्या." तिला हे प्रेमाने म्हणायचं होतं. मला मात्र त्या वेळी कळलं, हे मोठं भाषण काय चीज आहे ते. त्याला अडवता येत नाही. तुम्ही उठलात तर ते तुमचं उठणं खातं, नाही उठलात तर तुमचं बसणं खातं. भिंत घातली तर तीच भिंत लोकांना दाखवून टाळ्या घेईल. अमेरिकेत हे शिकायला त्यांना एवढी टीम लागते, हिला तेवढ्यातल्या तेवढ्यात जमलं. माझी नात म्हणून मला अभिमान वाटायला हवा होता. मला तिची भीती वाटली.

"आणि माझी बहीण?" मी विचारलं.

"अबू धाबीत बोलते. प्रॉमिस."

"नक्की?"

"इन्शाल्ला."

इथे एसी दुरुस्त करणारा उद्या येतो म्हणून इन्शाल्ला म्हणतो तेव्हा आम्ही खिडक्या उघडून ठेवतो. मी सांगितलं की मी अबू धाबीला येणार नाही. ज्याला उभं करायचं त्याला शोध.

"मम्मी?" नात म्हणाली.

"मला नाही हं," सून लगेच. "मी तर एमकॉम केलंय. माझ्यावर कोण रडणार?"

ते अबू धाबीला गेले त्या दिवशी मी घरी एकटी होते. संध्याकाळी तिघं आले. नात सरळ खोलीत गेली. तिला काही मिळालं नव्हतं. मी तिघांना वेगवेगळं गाठलं, एकमेकांसमोर विचारलं असतं तर तिघं एकच बोलले असते.

सून कांदा चिरत होती. म्हणाली, टीचरने जुनंच भाषण कर म्हणून खूप सांगितलं. पोरीने ऐकलं नाही. सिस्टरचं बोलली. "लोकांना काय करावं कळेना, अम्मी. कोणाकडे बघायचं? एकदोघांनी वाजवलं आणि थांबले."

मुलगा बाल्कनीत होता. त्यानेही तेच सांगितलं आणि वर म्हणाला, "जिंकली असती गं. तुझ्यामुळे गेलं." मी म्हटलं, "असेल."

नात भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी पलंगाच्या कडेला बसले. "काय बोललीस? मराठीत."

ती भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "माझ्या दादीची एक सिस्टर होती. ती रोज रडायची. ती मेली, म्हणून तिला मी इथे उभी करू शकत नाही. माझी दादी नाही रडली. तिला स्कूल आवडत नव्हतं. तिला मॅथ्स येत नव्हतं."

"हे पण सांगितलंस?"

"येस. तिथे लोक हसले."

"मग?"

"मग टाइम संपला."

तिघांचं जुळत होतं. मी तिला जेवायला ये म्हटलं, ती आली नाही, मी पुन्हा म्हटलं नाही. पण एक गोष्ट मला सोडेना. दुसऱ्या दिवशी सून क्लिनिकला निघाली, पर्स खांद्याला, लिफ्ट वर आलेली, तेव्हा मी तिला दारात अडवलं.

"ते लोक हसले ते कोणाला? मला की माझ्या बहिणीला?"

"तुम्हाला, अम्मी. भागाकाराला."

"तिला कोणी हसलं नाही?"

"नाही. तिच्या वेळी सगळे चूप होते."

"नीट आठव."

"अम्मी, मला उशीर होतोय. कोणी नाही हसलं."

मी दार सोडलं.